परत न नेलेलं लाकूड

दरवर्षी पंधरा ऑगस्टला आमच्या डेपोच्या आवारात झेंडा लागतो आणि कुणीतरी पाहुणा येऊन आम्हाला विचारतो, तुम्ही देशासाठी काय दिलंत? विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, टाळ्या हव्या असतात. आम्ही त्या वाजवतो, पेढा घेतो आणि आपापल्या टेबलाकडे जातो. पण गेली काही वर्षं हा प्रश्न कानावर आला की माझं डोकं फिरतं. पाहुणा ज्या खुर्चीवर बसलेला असतो तिच्या मागेच, ऑफिसच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या पडवीत एक सागाचं लाकूड पडलेलं आहे. लांबी दोन मीटर वीस, गोलाई बहात्तर सेंटिमीटर. मीच मोजलंय ते. मोजणं हेच माझं काम आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सरकारी लाकूड डेपोत बाबू आहे. निवृत्तीला सात महिने राहिलेत. जंगलातून ट्रक येतो, ओंडके उतरतात, मी टेप लावतो, लांबी आणि गोलाई लिहितो, ओंडक्याच्या तोंडावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकतो. आमच्याकडे लाकडाला जन्मदाखला लागतो. त्याच्या अंगावर वनखात्याच्या हॅमरचा ठसा हवा आणि सोबत वाहतुकीचा पास हवा. या दोन गोष्टी नसल्या की ते लाकूड चोरीचं. ते कुणाच्या बापाने राखलं, कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर वाढलं, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नसतं. तीस वर्षं मी हा नियम पाळला आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. हेही लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी मोठा बंडखोर माणूस आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं नदीपल्याड, गडचिरोलीच्या बाजूला गेली. जिथे खातं झाडं तोडतं त्या जागेला आम्ही कूप म्हणतो. त्या कुपात एक गोंड माणूस बैलजोडीने ओंडके ओढायला यायचा. तेव्हा तो चाळिशीतला असेल, आता म्हातारा आहे. मी त्याला दादा म्हणतो, तो मला बाबू म्हणतो. मी चिमूरकडच्या धानपट्ट्यातला. मला साग आणि ऐन या झाडांतला फरकही पानांवरून कळायचा, लाकडावरून नाही. त्याने मला लाकूड शिकवलं. ओंडक्यावर बोटाचं पेर आपटायचा, कान लावायचा आणि सांगायचा की आतून पोकळ आहे, घेऊ नको. एकदाही चुकला नाही. साहेबांसमोर मी ते माझंच ज्ञान म्हणून खपवलं.

एकदा त्याच्या गावात त्याच्या भाच्याचं घर उभं राहत होतं, म्हणून त्याने मला नेलं. तिथे मी पहिल्यांदा पाहिलं की कुणी घर बांधायला काढलं की गावातल्या प्रत्येक घरातून एक लाकूड येतं. कुणी खांब आणतं, कुणी वासा, कुणाकडे काही नसेल तर एक बांबू. वाकडंतिकडं असलं तरी कुठेतरी बसवतात. घर बांधणाऱ्याला नको म्हणायची सोय नाही. दुपारी एक माणूस आला, बांबू टाकला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. दादाने सांगितलं, याचं आणि भाच्याचं बांधावरून भांडण आहे, सहा महिने तोंड पाहत नाहीत. तो बांबूही छपरात गेला. मी सहज विचारलं, की नसता घेतला तर? दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवताना काहीतरी घाण बोललो.

"ज्याचं लाकूड परत केलं, त्याले गावाबाहेर केलं," तो म्हणाला. "मंग त्याच्या घरी मरन झालं तरी कोनी जात नाई."

मला माझ्या आजोबांचे दगड आठवले. आमचं गाव चिमूरपासून जवळ. शाळेत ऑगस्ट लागला की गुरुजी बेचाळीसच्या चिमूरची गोष्ट सांगायचे आणि माझी छाती फुगायची. घरी येऊन मी ती आजोबांना ऐकवायचो. ते ऐकून घ्यायचे. मग एकदा त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. देश स्वतंत्र झाल्यावर गावात शाळा बांधायचं ठरलं, प्रत्येक घराने काहीतरी आणायचं होतं. आजोबांनी दोन गाड्या दगड नेऊन टाकले. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर पडलं, शाळा सुरू झाली, आणि आमच्या वस्तीचे दगड जिथे टाकले होते तिथेच राहिले. पायरीलासुद्धा लावले नाहीत. पुढे कधीतरी ते नाल्याच्या खड्ड्यात भरले गेले. छप्पन साल आलं, आमचे लोक बौद्ध झाले, माझे वडील त्याच शाळेत शिकले, मीही शिकलो. आजोबा हे सगळं शांतपणे सांगायचे. मला ते शांतपणे सांगता येत नाही.

तर त्या लाकडाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी वरून हुकूम आला. राजधानीत एक मोठी इमारत उभी राहत होती आणि तिच्या दारांसाठी आमच्याकडचा साग पसंत पडला होता. मोठमोठे साहेब आले, ओंडके निवडले, एकेकाभोवती फिरून फोटो काढले. मला अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही. नवा ब्रश आणून मी त्या ओंडक्यांवर नंबर टाकले, आकडे वळणदार काढले. घरी बायकोला सांगितलं, की आपल्या हाताचा नंबर दिल्लीला चालला. ती म्हणाली, तिथे रंधा मारल्यावर नंबर राहील का? मी चिडलो तिच्यावर.

त्याच आठवड्यात बाजारात दादा भेटला. मोहफुलं विकायला आला होता. डेपोसमोरून जाताना त्याने वेगळे काढलेले ओंडके पाहिले होते.

"हे एवढाले लाकडं कुठी चालले, बाबू?"

मी म्हणालो, दिल्लीले.

"काऊन, दिल्लीत जंगल नाई का?"

मी हसलो आणि त्याला समजावलं. आज तो प्रत्येक शब्द मला आठवतो. मी म्हणालो, देशाचं घर बांधून राह्यले तिथी. त्याने विचारलं, देशाचं म्हणजे कोनाचं? मी म्हणालो, आपलं सगळ्याइचं. त्याने विचारलं, माहं बी? मी छाती काढून म्हणालो, तुमचं बी, दादा. बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं. मी तर चहाच्या टपरीवरही आठवडाभर हेच बोलत होतो. फरक एवढाच, की टपरीवरच्यांनी ते चहाबरोबर गिळून टाकलं आणि दादाने ते घरी नेलं.

ओंडके रवाना व्हायच्या दिवशी डेपोचं लग्नघर झालं होतं. ओंडके धुतले होते, त्यांना हळदकुंकू लावलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ट्रकच्या बोनेटवर झेंडे होते. शाळेची मुलं नऊ वाजल्यापासून उन्हात उभी केली होती आणि नेते साडेबाराला आले. मग भाषण झालं. या मातीने देशाला काय काय दिलं, याची यादी त्यांनी वाचली. या मातीतल्या माणसांना देशाने काय दिलं, ती यादी त्यांच्याकडे नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला. भामरागडला पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की बाळंतीण कशी आणतात, हे मी तिकडे नोकरी करताना डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

भाषण संपत आलं होतं तेव्हा गेटवर बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीवर दादा होता. स्वच्छ धोतर, डोक्याला नवा पंचा. गाडीत एकच लाकूड होतं, दोन टोकांना हळद लावलेलं. आदल्या दिवशी सकाळी गाडी जुंपून तो निघाला होता, वाटेत एका नातलगाकडे मुक्काम केला होता. गेटवरच्या गार्डने विचारलं, काय आणलंय. त्याने सांगितलं, देशाच्या घराले लाकूड आनलं, आमच्या घरचं. गार्ड हसला. त्याने पास मागितला. दादाने विचारलं, घर बांधनाऱ्याले लाकूड द्याले पास कायचा?

मी तिकडे धावलो. लाकूड पाहताक्षणी मला सगळं कळलं. ते बारापंधरा वर्षांचं सुकं होतं. टोकांना जुन्या भेगा, अंगावर गोठ्याच्या धुराची काळी पुटं. वादळात त्याच्या धुऱ्यावरचा साग पडला होता, त्याचा तो खांब. स्वतःचं घर नवं करायचं म्हणून इतकी वर्षं राखलेला. मी हे जाणून होतो, कारण त्यानेच मला तो गोठ्यात दाखवला होता. त्याचं जुनं घर अजून वाकड्या खांबावर उभं होतं, आणि चांगला खांब तो इथे घेऊन आला होता. गावातल्या बाकीच्यांनी काय आणलं, असं मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"ते म्हनाले, पह्यले तू नेऊन पाह्य," दादा म्हणाला. "तुहं घेतलं तर आमी बी आनतो."

इतक्यात साहेब आले. साहेब नवे होते, लांबच्या जिल्ह्यातले. माणूस दुष्ट नव्हता, घाबरट होता. त्यांच्यामागून नेत्यांचे दोनतीन कार्यकर्ते आले आणि त्यांतल्या एकाने मोबाईल वर धरला. साग आहे, ठसा नाही, पास नाही, हे कुणीतरी मोठ्याने बोललं. तस्कर आहे का, असं त्या कार्यकर्त्याने विचारलं आणि साहेबांच्या तोंडून निघून गेलं, की कारवाई चालू आहे. एकदा मोबाईलमध्ये शब्द गेला की कारवाई करावीच लागते. दादा साहेबांना सांगत होता, की बाबूने सांगितलं, देशाचं घर बांधून राह्यले, सगळ्याइचं आहे. साहेब माझ्याकडे वळले.

"तुम्ही सांगितलं याला लाकूड आणायला?"

मी म्हणालो, "नाही साहेब. मी असं काही सांगितलं नाही."

शब्दशः पाहिलं तर ते खरं होतं. लाकूड आण असं मी म्हणालो नव्हतो. या खऱ्याची मला आजही किळस येते. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला ऑफिसच्या मागे, आता लाकूड पडलंय त्या पडवीत, जमिनीवर बसवलं. इकडे बँड सुरू झाला, नेत्यांनी झेंडा दाखवला, मुलांनी ओरडायचं ते ओरडलं आणि ट्रक निघाले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी माझ्या डोळ्यांनी बँडच्या तालावर पाहिलं. त्याच डेपोच्या नाक्यावरून वर्षानुवर्षं कुणाचे ट्रक कसे गेले, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्यातलं कुणी कधी त्या पडवीत बसलेलं नाही.

पंचनामा मी लिहिला. अक्षर चांगलं म्हणून असली कामं माझ्याकडेच येतात. सागाचा एक नग, विनाठसा, विनापरवाना वाहतूक, बैलगाडी एक, बैल दोन, जप्त. हळद लावलेली होती हे मी लिहिलं नाही; पंचनाम्यात हळदीला जागा नसते. खाली पंच म्हणून सही केली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो दांडा मी. माझ्या आजोबांचे दगड ज्यांनी नाल्यात टाकले, त्यांच्यातही कुणीतरी एक चांगल्या अक्षराचा असेलच.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन बातम्या होत्या. वर मोठी, आमच्या सागाच्या दिल्लीला जाण्याची. खाली चौकटीत, कार्यक्रमस्थळीच सागवान तस्कर पकडल्याची. दोन्ही मी कापून ठेवल्यात.

बैल तीन आठवडे डेपोत बांधलेले होते. त्यांना पाणी आणि कुटार मी घालत होतो, त्याने मनाला जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून स्वतःचीच चीड यायची. पुढे जामिनावर दादा सुटला, बैल आणि गाडीही सुपूर्द झाली. नांगरणी मात्र हातची गेली होती. केस चालू राहिली. तालुक्याच्या कोर्टात तारखा पडायच्या. तो पहाटे निघून, नदी ओलांडून, एसटीने यायचा, दिवसभर कोर्टाच्या झाडाखाली बसायचा आणि नवी तारीख घेऊन जायचा. साक्षीदार म्हणून मलाही समन्स यायचं. पहिल्या तारखेला मी त्याला टाळायला दुसऱ्या दाराने गेलो, तर तो दुसऱ्याच दाराशी बसलेला. मला वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोचलं का लाकूड?" त्याने विचारलं.

बैल अडकले, शेत पडलं, पेपरात तस्कर म्हणून छापून आलं, आणि माणूस विचारतोय की लाकूड पोचलं का. मी म्हणालो, चौकशी चालू आहे, दादा. पुढच्या तारखेला त्याने तेच विचारलं. त्याच्या गावातले लोक त्याला विचारत होते. त्यांचीही लाकडं निवडून ठेवलेली होती, आणि तो त्यांना सांगत होता, की थांबा, चौकशी चालू आहे. म्हणजे माझं खोटं आता गावभर फिरत होतं. तिसऱ्या की चौथ्या तारखेला कोर्टासमोरच्या टपरीवर मी त्याला चहा दिला आणि सांगून टाकलं, की नाही गेलं, डेपोतच पडलंय.

त्याने कपातला चहा संपवला. मग विचारलं, "ते घर झालं का बांधून?"

मी म्हणालो, झालं.

"माह्या लाकडाबिगर?"

मी होय म्हणून मान हलवली. तेव्हा तो चिडला, पहिल्यांदाच. आवाज मोठा केला नाही, पण कप बाकावर असा ठेवला की चहावाल्याने वळून पाहिलं. "तूच म्हनला होता सगळ्याइचं आहे," तो म्हणाला. "मी का मागाले गेलो होतो? मी द्याले गेलो होतो."

देशभक्तीवर मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय. शाळेत ऐकलं, डेपोत ऐकलं, आता तर सकाळी उठल्यापासून मोबाईलवर ऐकतो. कुणी कुणाच्या देशप्रेमाची परीक्षा घेतं, कुणी कुणाला देश सोडून जायला सांगतं. यांतल्या एकाने तरी आपल्या घराचा खांब गाडीत घालून दोन दिवस बैल हाकलेत का? टपरीवर बसून मला हे सगळं ओरडून विचारावंसं वाटलं, पण विचारणार कुणाला? समोर तर एकटा दादा होता, आणि त्याच्या बाजूला पंचनाम्यावर सही केलेला मी.

माझी साक्ष निघाली तेव्हा सरकारी वकिलांनी सही दाखवली आणि विचारलं, ही तुमचीच का? मी हो म्हणालो. त्यांना तेवढंच हवं होतं. मी मात्र थांबलो नाही. मी सांगितलं, की लाकूड पंधरा वर्षांचं सुकं आहे, ते मी याच्या गोठ्यात पाहिलेलं आहे, ते वादळात पडलेल्या झाडाचं आहे, आणि हा माणूस ते विकायला नाही तर द्यायला आला होता, कारण देशाचं घर सगळ्यांचं आहे असं याला मीच सांगितलं होतं. त्याच्या गावची रीतही सांगितली. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. वकिलांनी मला फितूर साक्षीदार ठरवा म्हणून अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. खात्याकडून कारणे दाखवा नोटीसही आली. कागदावर मी फितूर आहे. उशिराने का होईना, एवढं एकच काम मी धड केलं, आणि त्यालाच हे नाव मिळालं. माझी मुलगी म्हणाली, बाबा, आता तरी शांत झोपाल. कसला शांत झोपतो. खरं बोलायला मला दोन वर्षं लागली होती आणि गेटवर ते बोलायला एक मिनिट पुरलं असतं.

दादा सुटला. निकालात लिहिलं होतं, की लाकूड मूळ मालकाला परत करावं. मी आनंदाने कागद तयार केले, स्वतः त्याच्या गावी निरोप धाडला, की गाडी घेऊन या, तुमचं लाकूड घेऊन जा. मला वाटत होतं, आता तो खांब त्याच्या घरात उभा राहील आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. साहेब तोवर बदलून गेले होते. नव्या साहेबांना ही जुनी कटकट मिटवायची होती, त्यांनी पोचपावतीवर आधीच सही करून ठेवली.

बाजाराच्या दिवशी दादा आला. एसटी स्टँडवरून चालत, गाडीशिवाय. मी विचारलं, गाडी कुठी? तो पडवीत गेला, लाकडापाशी उकिडवा बसला, त्यावरची धूळ पंच्याने पुसली. मी कागद पुढे केला आणि अंगठा कुठे द्यायचा ते दाखवलं. त्याने हात मागे घेतला.

"मी नाई नेत," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं. केस संपली, कुणी पकडणार नाही, सोबत पक्का पास देतो, पाहिजे तर मी गाडीबरोबर येतो. त्याने सगळं ऐकलं, आणि मग लहान पोराला सांगावं तसं सावकाश सांगितलं.

"तुले मी सांगतलं होतं, बाबू. ज्याचं लाकूड परत आलं, तो गावाबाहेर. हे घरी नेलं तं मी बाहेर झालो. माहं गाव बी बाहेर झालं." त्याने लाकडावर तळवा ठेवला. "मी देऊन चुकलो. त्याइनं घेतलं नाई, ते त्याइचं त्याइले माहीत. मी नाई नेत."

नव्या साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते वैतागले. सरकार घेऊ शकत नाही कारण ते सरकारचं नाही, मालक नेत नाही, मग रजिस्टरात दाखवायचं कुठे? त्यांनी मला विचारलं, की हे लाकूड नेमकं कुणाचं आहे, साधं सांगा. मी म्हणालो, साहेब, मला हे साधं सांगता आलं असतं तर ही वेळच आली नसती. त्या रकान्यात मी पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली आहे, ती अजून तशीच आहे.

आता दादा फारसा बाजाराला येत नाही, गुडघे गेलेत. त्याच्या गावातली निवडून ठेवलेली लाकडं कुठे गेली ते मी विचारलं नाही. जाळली असतील, घरांना लावली असतील. त्याचं घर मात्र अजून त्या वाकड्या खांबावरच आहे, हे मी जाऊन पाहून आलो. आला की तो आधी पडवीत जातो. ओंडक्यावर बोटाचं पेर आपटतो, कान लावतो. वाळवी लागू नये म्हणून मी खाली विटा दिल्यात, त्या नीट आहेत का पाहतो. या पंधरा ऑगस्टलाही तो नेमका आला. समोर पाहुण्यांचं भाषण चालू होतं, देशासाठी तुम्ही काय दिलंत, आणि मागे पडवीत हा माणूस लाकडाला कान लावून बसला होता. मला पुढे जाऊन त्या पाहुण्याची कॉलर धरून त्याला मागे आणावंसं वाटलं. मी गेलो नाही, दादाजवळ बसलो.

"आवाज चांगला आहे अजून," तो म्हणाला. "आतून पोकळ नाई झालं."

मी म्हणालो, साग आहे दादा, टिकते.

तो उठला. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. पुढे टाळ्या वाजत होत्या. जाताजाता त्याने मला सांगितलं, की कधी त्या घराचा दरवाजा सडला, खांब मोडला, तर त्यांना कळव, आमचं एक लाकूड इथी ठेवलं आहे म्हणाव.

मी म्हणालो, कळवतो.